ठिणगी थोडी आधी

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर पोचला की ठिणगी पडते, असे आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्षात ती थोडी आधीच पडावी लागते, कारण मिश्रण पेटून पुरेसा दाब तयार व्हायला वेळ लागतो. हा वेळ २ मिलिसेकंद आहे असे समजू. मिनिटाला १००० फेरे असतील तर एका फेऱ्याला ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट १२ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तो ३६ अंश फिरेल. वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढून ज्वलनही जलद होते, म्हणून खरा आकडा याहून कमी येतो. तरीही वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी हवी, हे खरेच.

सुरुवातीला हे काम चालकाचा हात करी. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) स्टिअरिंगखाली दोन दांडे असत. उजवा इंजिनचा वेग कमीजास्त करी, तर डावा ठिणगीची वेळ मागेपुढे करी. हँडल मारण्यापूर्वी डावा दांडा 'उशिरा'वर ठेवावा लागे. हे राहून गेले तर वर चढणारा पिस्टन मध्येच मागे ढकलला जाई आणि हँडल उलटे फिरून हातावर बसे. मनगटाजवळचे हाड एका विशिष्ट प्रकारे मोडले, तर त्याला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. ते नाव अशाच अपघातांवरून पडले. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू मागे पडले.

पुढे ठिणगीची वेळ साधण्याचे कामही यंत्राकडे गेले. डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंगने धरलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पाडतात. पण स्प्रिंग सैल होतात, पॉइंट झिजतात. मग मिलिसेकंदांचा हा हिशेब बरोबर चालला आहे, हे कसे ओळखायचे?

याचे उत्तर एका जुन्या खेळण्याच्या तत्त्वात आहे. १८३२ साली बेल्जियममध्ये प्लॅटो आणि व्हिएन्नात श्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे खाचा पाडलेल्या फिरत्या चकत्या बनवल्या. गती ठरावीक क्षणांनाच पाहिली, तर डोळ्याला काय दिसते हे त्यांतून कळले. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमधील हॅरल्ड एजर्टन यांनी खाचांऐवजी विजेच्या क्षणिक झोतांनी फिरत्या मोटारी 'थांबवून' दाखवल्या.

गॅरेजमधला टायमिंग लाइट याच तत्त्वावर चालतो. तो पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या तारेला जोडतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात त्या सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणून ९०० फेऱ्यांना दिवा सेकंदाला साडेसात वेळा चमकतो. प्रत्येक वेळी पुलीवरची खूण त्याच जागी असते, त्यामुळे ती स्थिर दिसते आणि शेजारच्या पट्टीवर अंश वाचता येतात. घड्याळ लागतच नाही, कारण ठिणगी स्वतःच आपली वेळ दाखवते.

इंजिनचा वेग वाढवला की खूण फिरण्याच्या उलट दिशेला सरकायला हवी. ती जागची हलली नाही, तर वजने अडकल्याचा संशय घ्यावा. उड्या मारू लागली, तर डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याची झीज तपासावी. मात्र या प्रकाशात फिरता पंखाही कधी थांबल्यासारखा दिसतो, म्हणून हात लांबच ठेवावा.

ठिणगीला उशीर झाला तर ताकद घटते आणि इंजिन तापते. ती फार आधी पडली तर ठोके पडून पिस्टनला इजा होते. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत हा तोल मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून साधतो. आजच्या गाड्यांत तो संगणक सांभाळतो.

विद्यार्थ्यांना एक गणित द्या: १५०० फेऱ्यांना १० अंश म्हणजे किती वेळ? उत्तर १.१ मिलिसेकंदाच्या आसपास येईल. एवढा बारीक काळ वाचायला पुलीवरची खडूची एक रेघ पुरते, हे त्यांना जरूर सांगा.