रेस दिली की एका अंगाला: जळकोटच्या हमरस्त्यावरून एका दोषाचा मागोवा

मोटार एकसारख्या वेगात सरळ चालते, पण अ‍ॅक्सिलेटर दाबला की डावीकडे किंवा उजवीकडे ओढू लागते. ही तक्रार जुनीच आहे. तिचे कारण मात्र प्रत्येक पिढीच्या गाडीत वेगळ्या जागी सापडत गेले. धाराशिव जिल्ह्यातले जळकोट सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर, नळदुर्गाजवळ आहे. या रस्त्याने कोणकोणती वाहने गेली हे क्रमाने पाहिले, की दोषाची जागा कशी सरकत गेली तेही कळते.

बैलगाडीत हा दोष चाकांचा नसून बैलांचा असे. एक बैल तगडा आणि दुसरा कमजोर असला, की चढावर जोर लागताना गाडी कमजोर बैलाच्या अंगाला वळे. जुवाचा टेकू तगड्या बैलाकडे थोडा सरकवला, तर कमजोर बैलाची बाजू लांब होते आणि ओढ सारखी होते. दोन बाजूंचा जोर असमान झाला की वाहन वळते, हे तत्त्व पुढे इंजिन आल्यावरही बदलले नाही.

रणगाड्यात तर हेच तत्त्व स्टेअरिंगचे काम करते: एका बाजूचा पट्टा मंद केला की गाडी त्या बाजूला वळते. या रस्त्याने रणगाडेही गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या पहिल्याच दिवशी, भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. त्यानंतर पहिल्या चिलखती ब्रिगेडची तुकडी सकाळी ९ वाजता जळकोटात शिरली आणि दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्याला पोहोचली. सोलापूरच्या बाजूने निजामाच्या मुलखात शिरलेल्या या फौजेचा मार्ग तोच होता, जो पुढे राष्ट्रीय महामार्ग ९ आणि आता ६५ म्हणून ओळखला जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत देशातल्या रस्त्यांवर मुख्यतः दोन मोटारी दिसत. एक कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबेसेडर. दुसरी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनत असे, आणि ही कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले होते. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मागचा आडवा एक्सल दोन कमानपाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असे. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके एक्सलच्या भोकात बसते आणि एक्सलची जागा ठरवते.

दोषाचे मूळ बहुधा इथे असे. एका बाजूचे यू-बोल्ट ढिले पडले, की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो आणि तो कधीतरी तुटतो. मग रेस दिली की त्या बाजूचे चाक थोडे पुढे सरकते आणि एक्सल तिरका होतो. गाडीचा मागचा भाग विरुद्ध बाजूला जातो, नाक मात्र ढिल्या बाजूकडे वळते. पाय उचलला की ओढ उलटते. म्हणून स्टेअरिंगची तक्रार घेऊन आलेल्या गाडीच्या मागे आडवे होऊन पाटे पाहणारा मिस्त्री अचूक जागी पाहत असे. खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि वाढीव ओझ्याखाली हे बोल्ट वारंवार आवळावे लागत. ट्रक आणि जीप यांच्या बाबतीत ही तपासणी आजही तितकीच गरजेची आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि जोर पुढच्या चाकांकडे गेला. तिचे इंजिन आडवे होते आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी. ही मांडणी इटलीचे अभियंते दांते जाकोसा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुला या गाडीत रूढ केली. गंमत म्हणजे पद्मिनीची मूळ फियाट ११०० हीसुद्धा त्यांचीच रचना. एकाच माणसाच्या हातून आलेल्या दोन मांडण्या, पण दोषाची जागा अगदी वेगळी.

शेजारी गिअरबॉक्स ठेवल्याने दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल मधोमध राहत नाही. त्यामुळे एका चाकाकडे जाणारा शाफ्ट लांब आणि दुसरा आखूड होतो. डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच देतो, पण शाफ्ट सीव्ही जॉइंटमधून कोनात फिरतो तेव्हा त्या टॉर्कचा काही अंश चाकाला स्टेअरिंगच्या अक्षाभोवती वळवू पाहतो. कोन सारखे असतील तर डावी-उजवी ओढ एकमेकींना मारते. वेग घेताना गाडीचे नाक उचलते आणि आखूड शाफ्टचा कोन जास्त वाढतो, म्हणून तोल जातो. यालाच टॉर्क स्टीअर म्हणतात.

मारुती ८०० मध्ये हे फारसे जाणवले नाही, कारण तिचा टॉर्क सुमारे ६० न्यूटन-मीटर होता. २००७ मध्ये आलेल्या डीझेल स्विफ्टचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर, म्हणजे तिपटीच्या आसपास. टर्बोने जोर धरला की स्टेअरिंगला जाणवणारा हलका ओढा इथे रचनेचाच भाग असू शकतो. लांब बाजूला बेअरिंगवर आधारलेला मधला शाफ्ट घालून दोन्ही बाजू समान करणे हा त्यावरचा मुख्य उपाय, पण तो कारखान्यात होतो, गॅरेजमध्ये नाही.

गॅरेजमध्ये शोधायचा दोष वेगळा आहे. लोअर आर्मचा रबरी बुश फाटला किंवा सबफ्रेमचा बोल्ट ढिला झाला, की जोर येताच चाक जागेवरून हलते. ओळखण्याची खूण पद्मिनीच्या काळचीच: रेस दिल्यावर एका बाजूला आणि पाय उचलल्यावर दुसऱ्या बाजूला ओढ असेल, तर काहीतरी ढिले आहे. ओढ फक्त ब्रेकवर असेल तर कॅलिपर पाहावा, सतत असेल तर हवा, टायर आणि अलाइनमेंट. पुढचे टायर डावी-उजवीकडे बदलल्यावर ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरचा.

जळकोटच्या परिसरात आणखी एक फसवणूक होते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात आकसून कडेला आणखी खचतो. डावीकडून चालणारी निर्दोष गाडीही मग डावीकडे सरकते. म्हणून परीक्षा सपाट भागावर घ्यावी, किंवा तोच पट्टा उलट दिशेने चालवून पाहावा. कारण रस्त्याचा उतार असेल तर ओढ दिशेप्रमाणे बदलते, दोष गाडीत असेल तर बदलत नाही.