रानकोंबड्याची मान: गळासाठी सुकवलेली आणि शास्त्रासाठी सुकवलेली

खानापूर, लोंढा, कॅसलरॉक या आपल्या पट्ट्यात पहाटेच्या वेळी फिरलेल्या माणसाला राखी रानकोंबड्याची तुटक बांग ओळखीची असते. कोंबडा दिसतो क्वचित. दिसला तर नजर त्याच्या मानेवर जाते. तिथल्या प्रत्येक पिसाचा दांडा टोकाकडे रुंद आणि चपटा होतो, आणि त्यावर मेणाचा थेंब गोठावा तसा चकचकीत पिवळसर ठिपका असतो. फ्रेंच प्रवासी सॉनेरा याने या पक्ष्याची माहिती युरोपात नेली. पुढे १८१३ मध्ये टेमिंक या डच पक्षितज्ज्ञाने त्याच्याच नावावरून या पक्ष्याला गॅलस सॉनेराटी हे शास्त्रीय नाव दिलं.

त्या ठिपक्यानेच घात केला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडातल्या नद्यांवर सॅमन मासा पकडायला 'फ्लाय' वापरत. फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर रेशमी दोरा, जर आणि रंगीत पिसं बांधून केलेली खोटी माशी. माशीशी तिचं साम्य नावापुरतंच. 'जॉक स्कॉट' या प्रसिद्ध फ्लायमध्ये टूकन, मकाव, मोर, शहामृग असा अर्ध्या जगाचा पिसारा लागतो, आणि दोन्ही बाजूंना आपल्या रानकोंबड्याचं ठिपकेवालं पीस. जॉर्ज केल्सनचं 'द सॅमन फ्लाय' हे पुस्तक १८९५ मध्ये आलं आणि या कृतींना जवळजवळ पोथीचा मान मिळाला. (त्या कृतींत 'इंडियन क्रो' असंही एक पीस येतं. त्याचा हिंदुस्थानशी काडीचा संबंध नाही. तो दक्षिण अमेरिकेतला पक्षी.) गंमत अशी की समुद्रातून नदीत चढलेला सॅमन अंडी घालण्याच्या धांदलीत खाणंच सोडतो. त्याला चिडवलं की पुरे. पीस रानकोंबड्याचं आहे की गावठी कोंबडीचं, याची माशाला पर्वा असण्याचं कारण नाही. हौस सगळी माणसाची.

आता ही पिसं सातासमुद्रापार न सडता जायची कशी? मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे मला इतिहासापेक्षा आधी ही प्रक्रिया खुणावते. पीस केराटिनचं असतं, म्हणजे आपल्या नखाचंच द्रव्य. ते सहसा कुजत नाही. कुजतं ते खालचं कातडं आणि त्याला चिकटलेली चरबी. म्हणून मान सोलायची, पिसांची बाजू खाली करून पाटावर ताणून टाचण्या मारायच्या, चरबी खरवडून काढायची, मीठ किंवा टाकणखार चोळून सावलीत सुकवायची. चरबी राहिली तर वर्षा-दोन वर्षांत ती खवट होऊन कातडं आतून जाळते, आणि हात लावताच पिसं गळतात. उन्हात ठेवलं तर लाल-पिवळे रंग उडतात. निळा सहसा टिकतो, कारण तो रंगद्रव्याचा नसून पिसाच्या बारीक रचनेतून उमटतो. एवढं करूनही दोन शत्रू उरतात: कपड्यांना लागणारी कसर आणि संग्रहालयांत माजणारा एक छोटा भुंगेरा. यांच्या अळ्या केराटिनसुद्धा पचवतात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तर त्यांचं राज्यच.

त्यावरचा जुना उपाय जहाल होता. मेट्झचा औषधविक्रेता बेकर याने अठराव्या शतकात सोमलाचा साबण शोधला: सोमल, साबण, कापूर, चुना आणि एक क्षार. तो कातड्याच्या आतल्या बाजूला चोळला की कीड लागत नाही. पुढे दीर्घकाळ तो जगभर वापरला गेला.

आपल्या भागात या कामाचे जाणकार होते. ॲलन ह्यूम, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, यांनी १८७४ मध्ये पक्षी गोळा करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. कातडी, अंडी, पिसं कशी टिकवायची, कशी बांधायची यासाठी. त्यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८१ मध्ये बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा प्रदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. बेळगाव परिसरातल्या त्याच्या नोंदी आजही अभ्यासकांना लागतात. ह्यूम यांचा साठ हजारांवर कातड्यांचा संग्रह १८८५ मध्ये सिमल्याहून लंडनला गेला.

हत्यारं तीच, सोलायची रीतही बरीचशी तीच. फरक एका चिठ्ठीचा. शास्त्राच्या कातड्याच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते: जागा, तारीख, नर की मादी, कोणी मारला. गळवाल्याला ती नको असते, त्याला फक्त मान हवी.

१९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं परदेशी पाठवायला बंदी घातली. शास्त्रीय नमुने तेवढे वगळले. मला ही सवलत योग्यच वाटते, पण तिच्या आडून चोरवाट निघू शकत होती हेही उघड आहे. १९२१ मध्ये ब्रिटननेही पिसाऱ्याची आयात रोखणारा कायदा केला, आणि आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. आज बाहेर जी मानेची पिसं रीतसर विकली जातात ती पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची.

तरी हौस संपलेली नाही. जून २००९ मध्ये लंडनजवळच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ कातडी पळवली, ती याच जुन्या फ्लायच्या वेडापायी. ब्रिटिश संग्रहालयाचे पक्षी आता तिथेच असतात, ह्यूम यांचेही. चोराचा डोळा नंदनपक्षी आणि कोटिंगांवर होता. १७४ कातडी धड सापडली, पण चिठ्ठी शाबूत असलेली १०२ च. उरलेली बहात्तर रंगीत आहेत, मऊ आहेत आणि अभ्यासाला जवळपास निरुपयोगी आहेत. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये जुन्या कातड्यांच्या पिसांतला पारा मोजून प्रदूषण कधी वाढलं ते शोधलं गेलं. तारखेची चिठ्ठी नसती तर तो पारा कुठल्या सालचा म्हणायचा?

आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांच्या शिकारीच्या ट्रंका असतील. त्यांत कातडं किंवा पिसांची पुडी निघाली तर माझं सांगणं इतकंच: ती झटकू नका, धुऊ नका. सोमल शंभर वर्षांनीही सोमलच असतो, म्हणून हातमोजे आणि मास्क घाला. मुलांना लांब ठेवा. कीड दिसली तर दोन पिशव्यांत घट्ट बंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवायची पद्धत आहे. पण घरच्या फ्रीजमध्ये भाजीशेजारी नव्हे. वस्तू विकू नका, कुणाला देऊ नका, आधी वनखात्याला विचारा. आणि दोऱ्याला लटकलेला कागदाचा कपटा दिसला, मोडीत असो की इंग्रजीत, तर तो सोडवू नका. आहे तिथेच ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा.