'टेबल' : एक शब्द, परस्परविरुद्ध अर्थ

इंग्रजीतील 'टेबल' हा शब्द फळी या अर्थाच्या लॅटिन 'टॅब्युला'पासून आला आहे. मराठीत त्याला संदर्भानुसार निरनिराळे प्रतिशब्द आहेत : गणितात पाढा, रसायनशास्त्रात सारणी, संसदेत पटल. क्रियापद म्हणून मात्र त्याचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या शब्दावरून ब्रिटिश व अमेरिकी सेनाधिकाऱ्यांत दीर्घ वाद झाला; वस्तुतः दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, अशी नोंद विन्स्टन चर्चिल यांनी केली आहे. भारतीय संसदेत कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात. त्याच सवयीने अमेरिकी काँग्रेसमध्ये 'टेबल' झालेला प्रस्ताव 'पटलावर ठेवला' असे लिहिल्यास बातमीचा अर्थच उलटा होतो.