इटलीचा कायदा क्रमांक ४० आणि गोठवलेला काळ

१९९४ मध्ये इटलीत साठी ओलांडलेल्या एका स्त्रीने दात्या स्त्रीच्या बीजापासून मुलाला जन्म दिला. डॉक्टर होते सेव्हेरिनो अँतिनोरी. वंध्यत्वोपचारांवर त्या देशात तेव्हा जवळजवळ कोणतेच बंधन नव्हते.

दहा वर्षांनी आलेला कायदा क्रमांक ४० ही त्याची टोकाची प्रतिक्रिया होती. दात्याचे बीज निषिद्ध. एका वेळी तीनहून अधिक भ्रूण निर्माण करायचे नाहीत, आणि जेवढे होतील तेवढे सर्व एकदमच गर्भाशयात सोडायचे. अगदी अपवादात्मक प्रसंग वगळता भ्रूण गोठवायचे नाहीत, नष्ट तर मुळीच करायचे नाहीत. भ्रूणाच्या या संरक्षणाची किंमत स्त्रीचे शरीर मोजत होते: तरुण वयात तिळ्यांचा धोका, उतरत्या वयात अपयश आणि पुन्हा तीच संप्रेरकांची इंजेक्शने.

जून २००५ मध्ये सार्वमत झाले. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केले तरच ते ग्राह्य धरले जाणार होते. कार्डिनल कामिल्लो रुईनी यांनी 'विरोधात मत द्या' असे न सांगता 'मतदानालाच जाऊ नका' असे आवाहन केले. राजकारण म्हणून ही खेळी अचूक होती. मतदान जेमतेम २६ टक्के झाले. मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना बदल हवा असूनही कायदा टिकला.

पुढे न्यायालयांनी त्याचे एकेक कलम सैल केले. संविधान न्यायालयाने २००९ मध्ये तीन भ्रूणांची मर्यादा रद्द केली आणि गोठवण्याला वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये दात्याच्या बीजावरील बंदीही गेली.

कलम ६ मात्र जागीच राहिले. संमती मागे घेण्याची मुभा ते केवळ फलन होईपर्यंत देते. २००४ मध्ये फलन आणि रोपण यांत दिवसांचेच अंतर होते. गोठवणे सुरू होताच ते वर्षांचे झाले. तेवढ्या अवधीत संसार मोडू शकतात.

तसे एक प्रकरण २०२३ मध्ये संविधान न्यायालयापुढे आले. विभक्त झालेल्या पत्नीला गोठवलेला भ्रूण हवा होता, पतीला पितृत्व नको होते. उपचारांत स्त्रीने पणाला लावलेले शरीर आणि मन, तसेच भ्रूणाची प्रतिष्ठा यांकडे बोट दाखवून न्यायालयाने कलम वैध ठरवले. ब्रिटनमध्ये अशाच वादात पुरुषाला संमती मागे घेता आली होती. स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये तो ब्रिटिश कायदाही मान्य केला, आणि त्या स्त्रीचे भ्रूण तिला कधीच मिळाले नाहीत.