पेशीचं घड्याळ आणि कथड्याची दुपार

२० एप्रिल २०२१, रात्री ८

किराणा दुकानं सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ उघडी ठेवायची, हा नियम या घडीला राज्यभर लागू झाला. नाशिककरांना त्याची फारशी पडलेली नव्हती. खाट मिळते का, रेमडेसिव्हिर कुठे मिळेल आणि ‘सॅच्युरेशन किती आलं’, एवढेच प्रश्न फोनवरून इकडून तिकडे फिरत होते. जुन्या नाशकात, कथड्याला, महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय कोरोनाच्या रुग्णांनी भरलेलं होतं. दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली बहुतेक ऑक्सिजनवर. आवारात द्रवरूप ऑक्सिजनची १३ किलोलिटरची टाकी होती, काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली.

रात्रभर

या वॉर्डांमध्ये एक प्रथिन आधीच कामाला लागलेलं असणार. त्याचं नाव हायपॉक्सिया-इंड्युसिबल फॅक्टर, थोडक्यात हिफ. हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागी बसून जनुकं चालू करणारं प्रथिन. ऑक्सिजन कमी पडला की काय करायचं, याचे शेकडो जनुकांना जाणारे हुकूम त्याच्याकडून सुटतात.

कोरोनाने फुप्फुसं भरलेल्या माणसाचं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण मास्क लावूनही जेमतेम टिकतं. त्याच्या पेशींमध्ये हिफ दिवसेंदिवस जागा असतो. पेशीत ग्लुकोज ओढून घेणारी दारं वाढवतो, ऑक्सिजनशिवाय साखर मोडण्याचा तोट्याचा मार्ग मोकळा करतो, त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं. अशा माणसाचं शरीर स्वस्थ पडलेलं दिसतं, पण शिल्लक आधीच खर्चून बसलेलं असतं. पुढे काय घडलं ते समजायला ही गोष्ट टाकीच्या आकारमानाइतकीच महत्त्वाची आहे.

२१ एप्रिल, सकाळ

रामनवमी. गोदावरीपलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आहे, आणि या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी राज्यातली प्रार्थनास्थळंच बंद होती.

हिफचा शोध लागला तो अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये. एरिथ्रोपोएटिन म्हणजे ईपीओ हे संप्रेरक लाल पेशी वाढवतं. ऑक्सिजन कमी झाला की त्याचं जनुक कसं चेततं, हे शोधताना ग्रेग सेमेन्झा यांना १९९२ मध्ये या जनुकाजवळ चिकटणारं काहीतरी सापडलं. ते हिफ. त्याचे दोन भाग असतात. बीटा भाग नेहमीच हजर असतो. गंमत आहे ती अल्फा भागात. पेशी तो सतत बनवते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर पाचेक मिनिटांत मोडून टाकते. बनवायचा आणि मोडायचा, अष्टौप्रहर. सिग्नलला थांबल्यावरही गाडीचं इंजिन चालूच ठेवावं, तसा हा प्रकार. इंधन जळतं, पण हिरवा दिवा लागताच गाडी सुटते.

मोडायचं कसं, हे विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या प्रयोगशाळांनी ‘सायन्स’च्या एकाच अंकात सांगितलं. एक एन्झाइम हवेतलाच ऑक्सिजन वापरून अल्फाच्या दोन प्रोलिनवर खूण करतं. खूण झाली की व्हीएचएल नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि पेशीच्या कचराकुट्टीत पाठवतं. ऑक्सिजन नसेल तर खूणच होत नाही, आणि अल्फा वाचतो. म्हणजे ऑक्सिजन मोजायला पेशीने वेगळं मापक ठेवलेलंच नाही. ज्याची टंचाई ओळखायची, त्याच्यावाचूनच खुणेचं काम अडतं. मला तरी यापेक्षा देखणी यंत्रणा जीवशास्त्रात फारशी दिसत नाही. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. तो अंक २० एप्रिल २००१ चा होता, कथड्याच्या दुपारच्या बरोबर वीस वर्षं आणि एक दिवस आधीचा.

दुपारी १२

रामजन्माची वेळ.

साडेबाराच्या सुमारास

टाकी भरण्याच्या वेळी जोडणीच्या ठिकाणी गळती सुरू झाली. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो आणि एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो. तो बाहेर पडताच भोवतालच्या हवेतली वाफ गोठते. त्या दिवशी मोबाइलवर सगळ्या देशाने पाहिलेला पांढरा लोट तो हाच. अग्निशमन दलाची माणसं त्या लोटात शिरून गळती थांबवू पाहत होती. आत पाइपलाइनमधला दाब घसरत होता.

खाटेजवळ ते कसं दिसतं, हे ज्याने वॉर्डात ड्यूटी केली आहे त्याला ठाऊक असतं. भिंतीवरच्या फ्लोमीटरमधली छोटी गोळी १५ वरून खाली येऊन तळाशी बसते. मास्कखालची फुगलेली पिशवी चपटी होते. माणूस आता साध्या हवेवर असतो, २१ टक्क्यांवर, आणि त्याच्या फुप्फुसांना तेवढं पुरणारं नसतं. निरोगी माणसाच्या शरीरात सगळा मिळून दीडेक लिटर ऑक्सिजन साठवलेला असतो आणि मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. या रुग्णांचा साठा त्याहून थोडा, आणि ताप व धाप यांमुळे खर्च जास्त.

पहिली काही सेकंदं

इथे जनुकांचा संबंधच येत नाही. मानेतल्या मुख्य धमनीच्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढा कॅरोटिड बॉडी नावाचा अवयव असतो. रक्तातला ऑक्सिजन घसरताच तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. शरीराची खरी घंटा ही. पण श्वास वाढवून उपयोग तेव्हा, जेव्हा फुप्फुसं उघडी असतील.

दुसरं ते पाचवं मिनिट

हिफचा अल्फा भाग आता खूण न होता केंद्रकात साठू लागतो. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये तो दोन मिनिटांच्या आत दिसतो आणि तासाभरात कमाल पातळी गाठतो. याहून चपळ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर शोधावा लागेल.

आणि तरीही उशीर झालेला असतो. ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूच्या पेशींची हानी चार-पाच मिनिटांत सुरू होते.

पंधरावं मिनिट

समजा, हिफ पोहोचला. बीटाशी जोडी जमली, डीएनएवरची ठरावीक छोटी अक्षरओळ सापडली, पी३०० हे मदतनीस प्रथिन आलं. आता जनुक वाचायचं. आरएनए पॉलिमरेज मिनिटाला साधारण दोनेक हजार अक्षरं वाचतं. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफचं जनुक पंधरा-सोळा हजार अक्षरांचं आहे. नुसतं वाचायलाच सात-आठ मिनिटं, मग प्रत कापायची-जोडायची, केंद्रकाबाहेर न्यायची, प्रथिन बनवायचं. आणि नवी रक्तवाहिनी उगवायला लागतात दिवस.

हिफचं कौतुक करताना आपण हे विसरतो. तो डोंगर चढणाऱ्याचा, हळूहळू रक्तक्षय होणाऱ्याचा, गर्भाचा रखवालदार आहे. तिबेटी लोकांमध्ये त्याच्या भावंडाचं, हिफ-२ चं, जनुक पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून बदललं आहे. असा हा संथ कारभार. नळी बंद पडण्याची आपत्ती उत्क्रांतीने कधी पाहिलेलीच नाही. ती आपण निर्माण केली, आणि तिच्यावरचा उपायही आपणच बसवायचा असतो: दाब कमी होताच वाजणारा अलार्म, आणि टाकी बंद पडताच आपोआप चालू होणारी भरलेल्या जम्बो सिलिंडरांची रांग.

एक ते दोन

जिन्यांवरून सिलिंडर ओढत नेणारी माणसं, त्यांत कर्मचारी आणि नातेवाईक दोन्ही. काही रुग्ण दुसऱ्या रुग्णालयांत हलवले गेले. पुरवठा किती वेळ खंडित होता? बातम्यांत अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतचे आकडे आले. हिफच्या हिशेबाने दोन्ही सारखेच तोकडे.

दोन ते अडीच

माणसांना विरळ हवेत ठेवून केलेले प्रयोग आहेत. तीन-चार हजार मीटर उंचीइतका ऑक्सिजन दिला, तर रक्तातला ईपीओ वाढलेला दिसायला दीड ते दोन तास जातात. म्हणजे साडेबाराला मूत्रपिंडांत सुटलेल्या हुकुमाचा पहिला मागमूस कथड्याच्या वॉर्डात याच वेळी लागला असता, जे वाचले त्यांच्या रक्तात. ऑक्सिजन परत आला की अल्फाही काही मिनिटांत मोडला जातो, हुकूम मागे घेतला जातो.

संध्याकाळ

२२ मृत्यू. पुढे हा आकडा २४ झाला. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले, विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची चौकशी समिती नेमली, भद्रकाली पोलिसांत अज्ञातांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारकडे खुलासा मागितला. तिसऱ्या दिवशी पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि बातम्यांचं पहिलं पान तिकडे वळलं.

२४-२५ एप्रिल

ईपीओच्या सांगण्यावरून बनलेल्या कोवळ्या लाल पेशी रक्तात वाढलेल्या दिसायला तीन-चार दिवस लागतात.

मार्च २०२२

हिफवर खूण करणाऱ्या एन्झाइमला अडवलं, तर ऑक्सिजन भरपूर असतानाही पेशी फसते आणि हिफ टिकतो. याच कल्पनेवरचं डेसिडुस्टॅट हे झायडसचं औषध. भारतात त्याला जुनाट मूत्रपिंडविकारातल्या रक्तक्षयासाठी मंजुरी मिळाली. कोरोनाच्या रुग्णांवरही कंपनीने मेक्सिकोत त्याची चाचणी घेतली होती. या गोळीने हिमोग्लोबिन वाढतं, पण त्याला आठवडे जातात, आणि ती आठवड्यातून तीनदा घ्यायची असते.