चेंडूचे मोल आणि चेंडूचा रंग

इ. स. १८४२ साली मुंबईतील काही युरोपीय रहिवाशांनी गोल्फचा एक क्लब स्थापन केला. त्यापूर्वी तेरा वर्षे, म्हणजे १८२९ मध्ये, कलकत्त्यास असाच क्लब निघाला होता, आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ-क्लब समजला जातो. मुंबईच्या मंडळींना या खेळाच्या माहेरघराचा विसर पडला नव्हता. १८४५ साली त्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथील विख्यात क्लबाला एक रौप्यपदक पाठविले, आणि ‘बाँबे मेडल’ या नावाने आपल्या शहराचे नाव तेथील वसंत ऋतूतील सामन्यांच्या नोंदींत जाऊन बसले. मुंबईहून पदक पाठविणे सोपे होते. स्कॉटलंडहून मुंबईस चेंडू आणविणे मात्र तितके सोपे नव्हते, आणि आज मला सांगावयाचे आहे ते या चेंडूविषयीच.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते, छत्रीखाली चालणारा धनिक येतो, त्याच्यामागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या येतो. चेंडू कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तो आहेच इतका लहान, आणि मैदानावरदेखील तो डोळ्यांपुढे न येणे हीच तर खेळणाऱ्याची निरंतरची तक्रार! चेंडू हरवतो, मग दुसरा घ्यावा लागतो. म्हणून तो स्वस्त हवा. चेंडू दिसत नाही, म्हणून हरवतो; म्हणून त्याचा रंग नजरेत भरणारा हवा. या दोन गरजा गोल्फच्या खेळाला आरंभापासून चिकटलेल्या आहेत.

मुंबईचा क्लब निघाला तेव्हा गोल्फचा चेंडू पिसांचा असे. तो करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. चामड्याचे तुकडे भिजवून शिवावयाचे, एक लहानसे छिद्र ठेवावयाचे आणि त्यातून उकडलेली हंसाची पिसे ठासून भरावयाची. किती पिसे? तर उंच साहेबी टोपी काठोकाठ भरेल इतकी! हे ठासणे साध्या हाताच्या बळाचे काम नव्हते. कारागीर छातीला एक लाकडी पट्टी बांधी, तिला लोखंडी सळई अडकवी आणि सर्व शरीराचा भार टाकून पिसे आत दाबी. मग छिद्र शिवून टाकले जाई. ओले चामडे वाळताना आकसे, ओली पिसे वाळताना फुगत, आणि दोहोंच्या या झगड्यातून दगडासारखा टणक चेंडू तयार होई. त्यावर पांढऱ्या तेलरंगाचे हात दिले जात. कुशल माणसाच्या हातून दिवसाकाठी तीन किंवा चार चेंडू होत. पिसांची बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाई आणि या धंद्यातली पुष्कळ माणसे दम्याखोकल्याने खंगून जात. अशा एका चेंडूला दोन-अडीच शिलिंग, कधी त्याहूनही अधिक पडत. एक बरा चेंडू एका चांगल्या काठीच्या किमतीच्या आसपास जाई, आणि तो भिजला की शिवण उसवून पिसे बाहेर येत. मुंबईच्या पावसाळ्यात त्याची काय गत झाली असेल, याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता नको.

या महाग चेंडूचे राज्य ज्या पदार्थाने बुडविले तो आला पूर्वेकडून. मलाया द्वीपकल्पात ‘तबान’ नावाचे झाड होते. त्याचा चीक वाळला की घट्ट होतो, ऊन पाण्यात घातला की मऊ पडतो आणि निवल्यावर दिलेला आकार पुन्हा धरून ठेवतो. मलायी लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील डॉक्टर विल्यम माँटगोमरी याने त्या मुठी पाहिल्या आणि १८४३ च्या सुमारास या चिकाचे नमुने लंडनला रवाना केले. हाच गुट्टा-पर्चा. त्यापासून गोल्फचा चेंडू प्रथम कोणी केला, याविषयी सेंट अँड्रूज येथे एक आख्यायिका सांगतात. हिंदुस्थानातून तेथे विष्णूची एक मूर्ती आली होती. ती प्रवासात फुटू नये म्हणून भोवती गुट्टा-पर्चाचे तुकडे भरले होते. पॅटरसन नावाच्या एका तरुणाने ते तुकडे वितळवून गोळा केला आणि तोच पहिला चेंडू. कथा गोड आहे. तिच्यात देव आहे, समुद्र आहे, आणि टाकाऊतून टिकाऊ काढणारा गरीब विद्यार्थीही आहे. इतके सारे एकत्र आले की इतिहासकाराने थोडे सावध व्हावे. १८४८ च्या सुमारास मात्र गुट्टा-पर्चाचे चेंडू स्कॉटलंडच्या मैदानांवर आले, हे निश्चित. त्यांची किंमत सुमारे एक शिलिंग, म्हणजे जुन्या चेंडूच्या निम्म्याहून कमी.

सेंट अँड्रूजला त्या काळी ॲलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा पहिल्या प्रतीचा कारागीर होता, आणि आपल्या काळातील सर्वोत्तम खेळाडूही तोच. नवा चेंडू पाहताच त्याने ओळखले की आपल्या स्वयंपाकघरातली चूल आता विझणार. काटेरी झुडपांत हरवलेले गुट्टा-पर्चाचे चेंडू वेचून आणणाऱ्या पोरांकडून तो ते विकत घेई आणि जाळून टाकी, असे सांगतात. हरवलेल्या चेंडूंना मोल देऊन ते घेणारा इतिहासातील हा पहिला ठळक गिऱ्हाईक, आणि त्याचा हेतू ते नष्ट करण्याचा! त्याचा मदतनीस टॉम मॉरिस याच्याकडूनही त्याने नवा चेंडू न खेळण्याचा शब्द घेतला होता. एके दिवशी खेळता खेळता मॉरिसजवळचे चेंडू संपले, सोबत्याने गुट्टा-पर्चाचा दिला, त्याने तो मारला, आणि नेमके रॉबर्टसनला ते कळले. दोघांची ताटातूट झाली. मॉरिसने स्वतःचे दुकान थाटले आणि १८५१ मध्ये तो प्रेस्टविकला गेला. रॉबर्टसननेही पुढे नवा चेंडू पत्करलाच. त्याला हसणे सोपे आहे. परंतु आपल्याकडे मागावरचा साळी गिरणीच्या कापडाकडे ज्या नजरेने पाहत होता, ती नजर आठवली म्हणजे हसू आवरते.

नव्या चेंडूचा खरा गुण त्याच्या स्वस्ताईच्याही पलीकडचा होता. पिसांचा चेंडू फाटला की संपला. गुट्टा-पर्चाचा टवका गेलेला चेंडू ऊन पाण्यात मऊ करून साच्यात दाबला की पुन्हा नवा होई. दुकानदार जुने चेंडू घेऊन ते नव्याने घडवीत आणि कमी दराने विकीत. आज ज्याला आपण वापरलेला माल सवलतीत विकणे म्हणतो, तो व्यवहार येथे सुरू झाला. थंडीत हा चेंडू कधी मधोमध फुटे. अशा वेळी सर्वांत मोठा तुकडा जेथे पडला असेल तेथून दुसरा चेंडू खेळावा, असा नियमच करावा लागला होता.

शिवाय एक विलक्षण गोष्ट खेळाडूंच्या ध्यानात आली. नवा कोरा, गुळगुळीत चेंडू हवेत नीट जात नसे. थोड्याच वेळात गोता खाई. तोच चेंडू काठीचे घाव बसून खरबरीत झाला की लांब आणि सरळ जाई. म्हणजे जुना चेंडू नव्याहून सरस! मग कारागीर नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. गुळगुळीत गोळ्यामागे हवेचा पट्टा रुंद फाटतो आणि तो चेंडूला मागे ओढतो; पृष्ठभाग खडबडीत असला तर हवा अधिक वेळ चिकटून राहते आणि ती ओढ घटते, हे त्यामागचे कारण. विल्यम टेलर या इंग्रज कारखानदाराने १९०५ मध्ये बारीक खळग्यांच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. आजच्या चेंडूवरील खळगे ही त्या घावांचीच सुधारलेली संतती होय.

या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच कोणी दिली. तबानच्या झाडाला रबरासारखी खाच पाडून रोज चीक काढता येत नसे. झाड तोडूनच तो काढीत, आणि एका मोठ्या झाडापासून हाती लागे तो अवघा काही छटाक. गोल्फच्या चेंडूंनी ही झाडे संपविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरा भक्षक होता समुद्राखालील तारायंत्राचा दोर, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या तारेला गुट्टा-पर्चासारखे दुसरे कवच नव्हते. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईला जी समुद्रतार जोडली गेली, तिच्या अंगावरही हाच चीक होता. सिंगापूर बेटावरील तबानची रानटी झाडे तर १८६० च्या आधीच संपुष्टात आली होती.

१८९८ मध्ये अमेरिकेत ओहायो प्रांतातील ॲक्रन येथे कोबर्न हॅस्केल याने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला. १९०२ साली सँडी हर्डने त्याच चेंडूने ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली आणि गुट्टा-पर्चाचे युगही आटोपले. पुढचे बदल कारखान्यांचे आहेत. त्यांत फार रेंगाळण्यासारखे काही नाही. मुंबईत या अवधीत खेळ पसरला, १९१८ मध्ये विलिंग्डन क्लबाने आणि १९२७ मध्ये चेंबूरच्या क्लबाने त्याला कायमची जागा दिली. त्यातही विलिंग्डन क्लबाचे विशेष असे की त्याचे दार हिंदी लोकांना पहिल्यापासून उघडे होते.

आता रंगाकडे वळू. पांढरा रंग परंपरेने आला, आणि हिरव्या गवतावर तो शोभतोही. परंतु बर्फावर त्याचे काय? हा प्रश्न ज्याला पडला तो मुंबईत जन्मलेला माणूस होता. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली आपल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. १८९२ ते १८९६ ही वर्षे त्याने अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात काढली. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल १८९४ मध्ये त्याच्याकडे पाहुणा गेला असता त्याने किपलिंगला गोल्फचे धडे दिले. हिवाळ्यात सारी भूमी शुभ्र झाली तेव्हा किपलिंगने चेंडू लाल रंगविले आणि खेळ चालू ठेवला. गोठलेल्या बर्फावरून चेंडू कोठच्या कोठे घसरत जाई; तरी तो दिसे, एवढे खरे.

चेंडू दिसणे हा जितका रंगाचा गुण आहे तितकाच पार्श्वभूमीचा आणि डोळ्याचाही. तंजावरहून पट्टुक्कोट्टईच्या रस्त्याने गेले की ओरत्तनाडु लागते. आपल्या सरफोजीराजांनी प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास येथे अन्नछत्र बांधले आणि गावाला मुक्तांबाळपुरम हे नाव मिळाले. भोवताली कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे. कोवळ्या भातात उभा असलेला बगळा फार लांबून दिसतो. त्याच शेतातला पोपट दहा हातांवरून उडाल्याखेरीज दिसत नाही. तीच खाचरे पिकून सोनेरी झाली, किंवा कापणीनंतर फिक्या धसकटांनी भरली, की बगळ्याचे ते वैभव उणावते. गोल्फच्या मैदानालाही हेच लागू. श्रावणात पांढरा चेंडू उठून दिसतो. वैशाखातल्या वाळक्या, पांढुरक्या गवतात तो हरवतो. ज्या कोरड्या मुलखात हिरवळ राखणे अशक्य होते, तेथे साहेब तेल शिंपडलेल्या वाळूची ‘ब्राउन’ करून तीवर खेळत, आणि तेथे पांढरा बरा होता.

याच सरफोजीराजांच्या पदरी नेत्रचिकित्सा चालत असे, आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे असलेल्या नोंदी तंजावरच्या सरस्वती महालात आजही आहेत. त्याच काळात मध्य युरोपात पुर्किन्ये नावाचा शास्त्रज्ञ पहाटे फिरावयास जात असता लाल फुले अंधूक उजेडात काळी पडतात आणि निळीहिरवी पाने उजळतात, हे टिपीत होता. १८२५ मध्ये त्याने ते ग्रंथात मांडले. भर उजेडात माणसाचा डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या, म्हणजे पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वांत तीव्रतेने प्रतिसाद देतो. अंधारात हा बिंदू ५०७ कडे सरकतो. म्हणून दुपारी झळाळणारा लाल चेंडू दिवेलागणीला गडप होतो. ज्या पुरुषांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, आणि युरोपीय वंशात ते शेकडा आठ असतात, त्यांना तर तो हिरवळीवर भर दुपारीदेखील सहज दिसत नाही.

सांप्रत चमकदार पिवळ्या चेंडूचा जो बोलबाला आहे त्याचे रहस्य येथेच आहे. त्यातील द्रव्य डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात बदलते, त्यामुळे तो भोवतीच्या गवतापेक्षा अधिक उजेड फेकतो. टेनिसने १९७२ मध्ये पिवळा चेंडू मान्य केला. विंबल्डनने मात्र १९८६ पर्यंत वाट पाहिली. क्रिकेटमध्ये १९७७ पासून पॅकरच्या रात्रीच्या सामन्यांसाठी पांढरा चेंडू आला, आणि २०१९ साली कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर भारत गुलाबी चेंडूने कसोटी खेळला. गोल्फमध्ये १९८२ साली वेन लेव्हायने हवाईत आणि जेरी पेटने फ्लोरिडात नारिंगी चेंडूने स्पर्धा जिंकल्या, तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. त्या नारिंगीलाही एक खोड आहे: पानगळीत तो पानांतलेच एक पान होतो.

आता तळ्यांत बुडालेले चेंडू पाणबुडे काढतात, ते धुऊन, निवडून, प्रत लावून डझनाने स्वस्तात विकले जातात. घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पाण्यात फार दिवस राहिलेल्या चेंडूचा पल्ला कमी होतो, आणि तो किती दिवस राहिला हे वरून कळत नाही. दुसरे असे की काही जुन्या चेंडूंना नवा रंग चढवून विकतात. रंगाचा जाड थर खळगे बुजवितो आणि टेलरने साधलेले सारे वाया जाते. म्हणून स्वच्छ पण ओरखडे स्पष्ट दिसणारा चेंडू घ्यावा, चकचकीत घेऊ नये. आणि रंग निवडावयाचा तो दुकानातील दिव्याखाली न निवडता एक पिवळा व एक पांढरा घेऊन, आपण ज्या वेळी खेळतो त्या वेळी, त्याच गवतावर पन्नास पावलांवर ठेवून पाहावा.