दोन चाकं आणि एक जॉबकार्ड

आजचा विषय म्हणजे ‘रिकॉल’, अर्थात कंपनीने विकलेला माल दोष दुरुस्त करण्यासाठी परत बोलावणं. या शब्दामागे मोठा इतिहास आहे, पण आम्ही त्याकडे वळलो ते एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून.

आमच्या गाडीच्या इंधन पंपात दोष असू शकतो, तो विनामूल्य बदलून मिळेल, असं कंपनीचं पत्र आलं. आम्ही डीलरकडे गेलो. तिथला मुलगा मोठ्या अदबीने म्हणाला, “सर, पंप फ्री आहे, पण तुमच्या टाकीत कचरा आहे. टाकी साफ केल्याशिवाय पंप बसवता येणार नाही, आणि ते पैसे तुमचे. हा तुमच्या वापराचा प्रश्न आहे.” असं म्हणून त्याने जॉबकार्ड पुढे सरकवलं. आम्ही सही केली नाही.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मनात लगेच दोन प्रश्न वेगळे झाले. दोष कुणामुळे आला, हा एक. तो निस्तरायचा कुणी, हा दुसरा. त्या मुलाने पहिल्याचं उत्तर देऊन दुसराही निकालात काढला होता. हे दोन प्रश्न वेगळे करायला कायद्याला शंभराहून अधिक वर्षं लागली.

1842 साली इंग्लंडमध्ये विंटरबॉटम नावाचा टपालगाडीचा चालक गाडी मोडून जखमी झाला. गाडी सुस्थितीत ठेवायचं कंत्राट राइट यांच्याकडे होतं. न्यायालय म्हणालं, राइट यांचा करार टपाल खात्याशी आहे, तुझ्याशी नाही. ज्याच्याशी करार, त्यालाच जाब विचारायचा. एकदा हे दार उघडलं तर दाव्यांना अंतच राहणार नाही, ही न्यायाधीशांची भीती होती.

आता अमेरिकेत चला. न्यूयॉर्क राज्यातल्या डोनाल्ड मॅकफर्सन यांनी डीलरकडून ब्युइक मोटार घेतली. एका लाकडी चाकाच्या आऱ्या मोडल्या, गाडी कोसळली, ते जखमी झाले. कंपनीचा बचाव तोच जुना: आम्ही गाडी डीलरला विकली, तुम्हाला नाही. शिवाय चाक आम्ही बनवलेलं नाही, दुसऱ्या कारखान्यातून घेतलंय. 1916 साली न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मोटार डीलर वापरणार नाही, गिऱ्हाईक वापरणार आहे, हे कंपनीला ठाऊक असतं. निष्काळजीपणाने बनवली तर ती जिवावर बेतणार हेही ठाऊक असतं. मग काळजी घेण्याचं कर्तव्य करारातून नव्हे, या ठाऊक असण्यातून येतं. चाक बाहेरून आणलं म्हणून तपासणीची जबाबदारी सुटत नाही. हे झालं पहिलं चाक.

पण हा न्याय अपघातानंतरचा. अपघाताआधी काय? 1965 साली राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटारींच्या सुरक्षिततेवर काहूर उठवलं आणि 1966 साली अमेरिकेत वाहन सुरक्षा कायदा झाला. गंमत पाहा, त्या कायद्याने कंपनीला दोष कळवायला लावलं, पण फुकट दुरुस्त करायला लावलं नाही! गाडी धोक्याची आहे एवढं पत्र यायचं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. विनामूल्य दुरुस्तीची सक्ती आली ती 1974 च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी इकडे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं.

आता दुसरं चाक. जनरल मोटर्सच्या 1960 ते 1965 च्या काही पिकअप ट्रकांची चाकं तुटत होती. कंपनी म्हणाली, चाकात दोष नाही, मालक जास्त वजन भरतात. ओळखीचं वाटतंय ना? 1975 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जी कसोटी घालून दिली तिचा सारांश असा: लोक ट्रकमध्ये थोडं जास्त वजन भरणार, देखभालीत कधी ढिलाई करणार, हे बनवणाऱ्याला आधीच दिसायला हवं. अशा सर्वसाधारण वापरात लक्षणीय संख्येने चाकं तुटत असतील, तर तो दोषच. म्हणजे ‘तुमचा वापर’ हे प्रत्येक वेळी पुरेसं उत्तर नाही.

अर्थात हे निकाल अमेरिकेतले, आपल्याकडे बंधनकारक नाहीत. आपल्याकडे 2012 साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने रिकॉलची ऐच्छिक संहिता स्वीकारली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 110अ हे कलम आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते.

तर आमचं जॉबकार्ड. आम्ही त्या मुलाला म्हटलं, “बाळा, टाकी साफ केल्याशिवाय पंप बसवणार नाही आणि खर्च ग्राहकाचा, हे कारणासकट इथे लिही आणि शिक्का मार.” तो आत गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, “साहेब म्हणतात, लिहून देता येणार नाही.” आम्ही घरी येऊन कंपनीला पत्र पाठवलं. चेसिस नंबर, तारीख आणि तोंडी मिळालेला नकार, एवढंच त्यात. नऊ दिवसांनी बोलावणं आलं. पंप बसला, टाकीचे पैसे कुणी मागितले नाहीत.

टाकीत खरोखर कचरा होता का? आम्हाला आजही माहीत नाही. असेलही. पण असला तरी तो आम्ही आमच्या खर्चाने आधी काढावा आणि मगच कंपनीने आपला सदोष पंप बदलावा, हे त्या दोन चाकांच्या इतिहासाला धरून नाही. त्या मुलावर आमचा राग नाही, त्याला जे सांगितलं तेच तो बोलला. तुमच्यावर अशी वेळ आली तर आवाज चढवू नका. नकार लेखी मागा. तोंडी नकार सहज देता येतो. लेखी द्यायचा म्हटलं की देणाऱ्याला आधी स्वतःला विचारावं लागतं: हे मी कशाच्या आधारावर म्हणतोय?